आधी गव्हाण, मग रोषणाई

डिसेंबर उजाडला की दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चढतो. दारात लाल टोपीवाला म्हातारबाबा उभा राहतो, प्लॅस्टिकची झाडं रांगेत लागतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात किंवा वांद्र्याच्या हिल रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पहिल्यांदाच नाताळासाठी घर सजवणारा माणूस या गर्दीत शिरला की गोंधळतो. नवीन संसार मांडलेलं जोडपं असेल, नोकरीनिमित्त घरापासून दूर एकटा राहणारा मुलगा असेल किंवा शेजाऱ्याला हातभार लावायला निघालेला माझ्यासारखा कुणी असेल. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘काय काय आणायचं?’

माझं म्हणणं असं की हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारावं, ‘काय कशासाठी असतं?’ ते कळलं की यादी आपोआप लहान होते आणि खर्चही.

मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान माणूस. नाताळाच्या सजावटीविषयी मी बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. पण शिकवणारी माणसं चांगली भेटली तर कुठलीही गोष्ट उशिराही शिकता येते. मला हे शिकवलं आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशींनी. आम्ही वसईत राहतो. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता. ‘नाताळ’ हा आपला इतका घरगुती शब्दही पोर्तुगीज ‘नाताल’वरूनच आला, त्याचा अर्थ जन्म, जन्मदिवस. इथले ख्रिस्ती लोक घरात मराठीच्या बोली बोलतात, मिस्सा मराठीत ऐकतात. तेव्हा हा सण समजून घ्यायला मला परभाषेत जावं लागलं नाही.

मावशींचे यजमान २०२०मध्ये वारले. दरवर्षी गोठा तेच मांडायचे, खिडकीत तारा तेच लावायचे. दोन्ही मुलं परदेशी. २०२० आणि २०२१ असे दोन नाताळ त्यांची खिडकी काळोखी राहिली. पहिल्या वर्षी दुखवटा होता, हे सगळ्यांनाच समजत होतं. दुसऱ्या वर्षी मात्र मावशी म्हणाल्या, “कुणासाठी लावायचं रे?” त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. २०२२च्या नोव्हेंबरात त्यांनीच मला हाक मारली. “तुला कामट्या बांधता येतात ना? मग बघ काही जमतं का. मला आता स्टुलावर चढवत नाही.”

कामट्या मला बांधता येतात, त्या ताबुतामुळे. माझ्या लहानपणी आमच्या गावी मोहरमचा ताबूत बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदांचा होत असे. घरातली मोठी माणसं बांधायची, आम्ही पोरं सुतळी धरून बसायचो. पुढे तोच हात दिवाळीत गल्लीतल्या आकाशकंदिलालाही लागायचा. बांबूला आणि सुतळीला धर्म नसतो, पण नियम असतात. गाठ ओली असताना आवळावी, कामटीची साल बाहेर ठेवावी, असले ते नियम.

माझ्या एका नातलगानं तेव्हा विचारलं, “आपल्याला हे चालतं का?” त्यानं ते काळजीनं विचारलं होतं, म्हणून मीही नीट उत्तर दिलं. कुराणातला एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे. हजरत ईसांच्या जन्माच्या वेळी ती माउली एकटी होती आणि वेदनांनी खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी आली, हे त्यात आहे. आम्ही ईसांना पैगंबर मानतो, ख्रिस्ती लोक त्यांना देवाचा पुत्र मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो झाकण्याचं कारण नाही. मावशींची प्रार्थना मावशींची. पण शेजारच्या म्हातारीच्या खिडकीत तारा बांधून द्यायला कुणाच्या श्रद्धेला धक्का लागतो, असं मला वाटत नाही. तो नातलग गप्प झाला. त्याला पटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. पहिल्यांदा सजावट करणाऱ्यानं तीनच गोष्टी धराव्यात : गोठा, तारा आणि दिवा. झाड, माळा, घंटा, रिबिनी हे सगळं त्यानंतरचं.

पहिला गोठा. येशूचा जन्म बेथलेहेममध्ये झाला. योसेफ आणि मारिया परगावाहून आलेले, तिला दिवस भरलेले. मराठी बायबलात एक सुंदर शब्द आहे, ‘उतारशाळा’. वाटसरूंनी उतरण्याची जागा. त्या उतारशाळेत यांना जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. म्हणजे या सगळ्या सणाच्या मुळाशी आहे ती न मिळालेली जागा. घर सजवायचं म्हणजे, ती जागा आपल्या घरात करायची. एवढं एक सूत्र मनात ठेवलं की पुढचं सोपं होतं.

गोठा मांडण्याची प्रथा लोकांत रुजली ती असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावात त्यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून तो प्रसंग गावकऱ्यांपुढे उभा केला. गरीब, निरक्षर माणसाला ती कथा डोळ्यांनी दिसावी, हा हेतू. २०२३मध्ये त्याला आठशे वर्षं झाली. गंमत अशी की बैल आणि गाढव हे शुभवर्तमानातल्या जन्मकथेत नाहीतच. यशया या जुन्या करारातल्या संदेष्ट्याच्या ग्रंथात, बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या गव्हाणीला ओळखतं अशा अर्थाचं वचन आहे; त्यावरून ते परंपरेनं गोठ्यात येऊन बसले. आणि आले ते बरंच झालं. जनावरांशिवाय गोठा कसला?

जागा निवडताना घराचा एक शांत कोपरा घ्यावा. टीव्हीखालचा नको, दारामागचाही नको. जमिनीपासून हातभर उंच असावा, म्हणजे लहान मुलाला वाकून आत बघता येतं. एक खोका आडवा ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं, वर गवताचं किंवा झावळीचं छप्पर घातलं की गोठा तयार. आत भाताचा पेंढा. खडकासाठी तपकिरी जाड कागद चुरगाळून पुन्हा सैल करावा आणि त्यावर मातकट रंगाचा हात फिरवावा. नदीसाठी आरशाचा तुकडा अनेकजण वापरतात. पण घरात लहान मुलं असतील तर चंदेरी कागदच बरा.

हिरवळ मात्र विकत आणू नये, पेरावी. मुंबई-वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत यासाठी नाचणी पेरतात. साधारण १२-१३ डिसेंबरला नाचणी रात्रभर भिजवायची, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. मोड दिसले की पसरट ताटात बोटभर माती किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा घालून त्यावर दाट पसरायची आणि दोन दिवस झाकून ठेवायची. मग उजेडात आणायची, पण कडक उन्हात नाही. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. चोवीस तारखेपर्यंत मऊ हिरवं गवत तयार होतं. नाचणी नसेल तर गहू चालतो. त्याला आठएक दिवस पुरतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. ज्या हातांना रुजवण ठाऊक आहे, त्यांना निम्मा नाताळ ठाऊक आहे.

मूर्तींचं खोकं मावशींनी माळ्यावरून मला काढायला लावलं. एकेक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. जानेवारी २०२०ची वर्तमानपत्रं. यजमानांनी शेवटचं आवरलं तेव्हाची. एका मेंढराचा पाय तुटलेला होता, त्याला त्यांनी काडेपेटीतली काडी लावून ठेवली होती. मावशींनी ते कागद टाकू दिले नाहीत. हातानं सपाट करून, घडी घालून परत खोक्यात ठेवले. त्या वेळी मला कळलं की सजावटीचं सामान दरवर्षी नवं घेण्याचं नसतं. पहिल्या वर्षी फार घेऊ नये. मारिया, योसेफ, बाळ आणि गव्हाण एवढं पुरे. मेंढपाळ पुढच्या वर्षी येतील, राजे त्याच्या पुढच्या. तुटलं तर काडी लावावी. वीस वर्षांनी त्या काडीचीच किंमत होते.

मांडताना क्रम महत्त्वाचा. मध्यभागी गव्हाण, एका बाजूला मारिया, दुसऱ्या बाजूला योसेफ. मेंढपाळ थोडे बाहेर. पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, ज्यांना आपण तीन राजे म्हणतो, ते अजून वाटेवर आहेत. म्हणून त्यांना लांब ठेवायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं तरी चालेल. रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं आणि परंपरेनं ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात पोचवायचं. मुलांना हे काम द्यावं, त्यांचा सण बारा दिवस लांबतो. ते तीनच होते असं बायबल सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन मानली. सोनं, ऊद आणि गंधरस या त्या भेटी. ‘ऊद’ हा शब्द मराठी बायबलात वाचताना मला आमच्या घरातल्या ऊददाणीचा वास आला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची. नवखा माणूस सगळ्या मूर्ती एकदम मांडून मोकळा होतो. पण बाळ अजून जन्मलेलं नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा तो आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ. त्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत ती वाट पाहायची असते. मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर बाळयेशूची मूर्ती त्यात ठेवतात. पुष्कळ घरांत तो मान सर्वांत लहान मुलाचा. आजच्या बाजारात सगळं भरण्याची घाई असताना, घरातली मुख्य जागा मुद्दाम मोकळी ठेवायला सांगणारी ही सजावट मला फार आवडली.

गोठ्याच्या कडेला मी शिंदीची एक फांदी खोचली. मावशींनी विचारलं, “ही कशाला?” मी त्यांना कुराणातलं ते खजुराचं झाड सांगितलं. शिंदी ही खजुराचीच बहीण. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “असू दे. सावली होईल.” बाळाची मूर्ती मात्र त्यांनी माझ्या हाती दिली नाही. ती रुमालात बांधून आपल्या उशाशी ठेवली. ते काम घरच्या माणसाचं होतं आणि मलाही ते तसंच योग्य वाटलं.

दुसरी गोष्ट तारा. पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांना ताऱ्यानं वाट दाखवली, अशी मत्तयच्या शुभवर्तमानातली कथा आहे. म्हणून तारा बाहेर हवा. खिडकीत, गॅलरीत, दारावर. गोठा घरच्यांसाठी, तारा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. कागदी तारे अनेक देशांत होतात. जर्मनीत मोरावियन पंथाच्या एका शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना पुष्कळ टोकांचा तारा तयार झाला आणि पुढे तो जगभर गेला. आपल्याकडचा पाच टोकांचा तारा मात्र आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ आहे.

तो घरी असा करावा. दोन फुटांच्या दहा सारख्या कामट्या घ्या. शाळेत पेन न उचलता आपण जी चांदणी काढायचो, तशा पाच कामट्या एकमेकींवर ठेवा. पाच टोकं आणि आतले पाच छेद ओल्या सुतळीनं बांधा. अशा दोन चांदण्या करा. एकीवर दुसरी ठेवून फक्त पाच टोकं बांधा. मग आतल्या पाच छेदांच्या जागी, दोन चांदण्यांच्या मध्ये, पाच-सहा इंचांचे पाच तुकडे उभे अडकवा. तारा पोटात फुगतो आणि एकदम जिवंत होतो. पुढची, मागची बाजू आणि कडेच्या फटी पतंगाच्या कागदानं मढवा; मैद्याची पातळ खळ पुरते. कडेची एक फट उघडी ठेवा, दिवा आत सोडायला आणि हवा खेळायला. दिवा एलईडीचाच घ्या. जुना बल्ब तापतो आणि कागद जळतो. किनाऱ्याजवळ वारा असतो, तेव्हा तारा वरच्या टोकाबरोबर खालच्या एका टोकालाही बांधा, नाहीतर रात्रभर भिंतीवर आपटत राहील.

आता झाडाविषयी, कारण मुलं ते मागणारच. नाताळचं झाड ही मुळात जर्मन प्रथा. १८४८मध्ये राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि ती प्रथा इंग्रजी घरांत झपाट्यानं पसरली. आपल्याकडे थंड प्रदेशातला देवदार कुठून येणार? म्हणून कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लोकांनी सुरूची फांदी आणली. सुरू लांबून सूचिपर्णी दिसतो, प्रत्यक्षात तो त्या कुळातला नाही. पण काम भागतं. मात्र किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून फांदी तोडू नये. ती बनं वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतं ते बहुधा अरोकेरिया. ते घेतलं तर वर्षभर गॅलरीत जगवता येतं आणि डिसेंबरात आत आणता येतं. घर लहान असेल तर अंगणातली एखादी छाटलेली वाळकी फांदी कुंडीतल्या वाळूत रोवून तिला चार चांदण्या टांगाव्यात, तीही छान दिसते. प्लॅस्टिकचं झाड आधीच घरात असेल तर ते फेकू नका, वर्षानुवर्षं वापरा. फक्त त्यावर कापसाचा बर्फ पसरून दिव्यांच्या माळा सोडू नका. कापूस पटकन पेट घेतो. आणि खरं सांगायचं तर जन्मकथेत बर्फाचा उल्लेखच नाही. वसईतही तो पडत नाही.

तिसरी गोष्ट दिवा. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या झाडावर ऐंशी रंगीत विजेचे दिवे लावले. त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. विजेनं ती भीती कमी केली, पण संपवली नाही. माळ लावण्याआधी पूर्ण उलगडून बघा. कुठं साल निघालेली, कुठं जोड उघडा पडलेला असेल तर ती बाद करा. एका बोर्डावर चार माळा लादू नका. झोपताना आणि बाहेर जाताना बंद करा. एक पिवळसर, न लुकलुकणारी माळ गोठ्याच्या छपरामागं लपवली की आत मंद उजेड पडतो. बाकी लखलखाट तारा सांभाळून घेतो.

मेणबत्तीची हौस असेल तर आगमनकाळाची माळ करावी. हिरव्या पानांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या, प्रत्येक रविवारी एक वाढवत जायचं. १८३९मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या धर्मोपदेशकानं गरीब मुलांसाठी या माळेचं मूळ रूप केलं. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? त्यांना दिवस मोजता यावेत, म्हणून. पानं ओली, ताजी वापरा, खाली धातूचं ताट ठेवा आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा ज्योत विझवा.

रंगांची फार चिंता करू नका. हिरवा, लाल आणि थोडा सोनेरी एवढं धरलं की चुकत नाही. डिसेंबरात पॉइन्सेटियाची लाल पानं कुंडीत मिळतात; हे झाड मूळचं मेक्सिकोचं. त्याचा चीक त्वचेला त्रास देऊ शकतो, म्हणून लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि घरात ज्या वस्तू आहेत त्या काढा. मावशींच्या घरी पितळेची समई नव्हती, पण सासूबाईंची पितळी घागर होती. ती घासून गोठ्याशेजारी ठेवली, तिच्यावर दिव्याचा उजेड पडला आणि विकतच्या दहा चकचकीत गोळ्यांची गरज उरली नाही.

पंचवीस तारखेला सकाळी मी आणि माझी पत्नी त्यांच्याकडे गेलो. गव्हाणीत बाळ होतं. रात्री मिस्साहून परतल्यावर मावशींनी एकटीनं ते ठेवलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की येताना गल्लीच्या तोंडापासूनच तारा दिसत होता. ‘कुणासाठी लावायचं?’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. इमारतीतली पोरं तेव्हा त्यांच्या दारात उभी होती आणि कोणता राजा आज किती सरकवायचा, यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

शेवटी आवरण्याविषयी एक सांगतो, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. तीन राजांचा सण झाला की सजावट उतरवतात. नाचणीचं गवत गाईला किंवा कुंडीत घालावं. पेंढा सुकवून ठेवावा. ताऱ्याचा कागद फाटला तरी सांगाडा टाकू नये, पुढच्या वर्षी नवा कागद चढतो. दिव्याच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात, म्हणजे गुंता होत नाही. मूर्ती एकेक करून कागदात बांधाव्यात आणि बाळयेशूची पुडी सगळ्यांत वर ठेवावी. पुढच्या डिसेंबरात खोकं कुणाच्याही हातानं उघडलं गेलं, तरी ती आधी सापडेल आणि बाजूला काढून ठेवता येईल. गव्हाण रिकामी ठेवायची असते, हे त्यालाही मग वेगळं सांगावं लागणार नाही.